न निघालेल्या तबकडीचे गाणे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र मिळून गातात-वाजवतात. त्यांच्या आवडत्या बँडचे एक अगदी सुरुवातीचे गाणे आहे. ते कधी बाजारात आलेच नाही. कुणीतरी कार्यक्रमात केलेले खरखरीत रेकॉर्डिंग तेवढे या मुलांच्या हाती लागले आहे. ‘‘मामा, हे आम्ही आमच्या आवाजात रेकॉर्ड केले तर?’’ भाच्याने विचारले. मी त्याला लिव्हरपूलची एक गोष्ट सांगितली.

१ जानेवारी १९६२ रोजी बीटल्स लंडनला डेक्का कंपनीत चाचणीसाठी गेले. पंधरा गाणी म्हटली. त्यांत स्वतःची तीनच. एक होते ‘हॅलो लिटल गर्ल’. जॉन लेनन त्याला आपले पहिले गाणे म्हणत असे. डेक्काने नकार दिला. त्याच वर्षी ईएमआयने त्यांना घेतले, पण त्यांच्या तबकड्यांत हे गाणे आले नाही.

१९६३मध्ये ते लिव्हरपूलच्याच ‘फोरमोस्ट’ या गटाला मिळाले. दोन्ही गटांचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन आणि निर्माते जॉर्ज मार्टिन. ‘फोरमोस्ट’ची ही पहिलीच तबकडी ब्रिटनमध्ये नवव्या क्रमांकापर्यंत गेली. चाचणीतले दुसरे गाणे, ‘लव्ह ऑफ द लव्हड’, सिला ब्लॅकने गायले. कॅव्हर्न क्लबात येणाऱ्यांचे कोट सांभाळणारी ही मुलगी. तिची पहिली तबकडी पस्तिसाव्या क्रमांकावर थांबली; पहिला क्रमांक तिने १९६४मध्ये वेगळ्या गाण्याने मिळवला.

गाजलेले गाणे कुणी पुन्हा म्हटले, की आपण लगेच मूळ गायकाशी ताडून पाहतो. इथे ती सोय नव्हती. बीटल्सचे ‘हॅलो लिटल गर्ल’ अधिकृतपणे बाहेर आले १९९५मध्ये, ‘अँथॉलॉजी १’ या संग्रहात. चोरट्या तबकड्या सोडल्या, तर मधली बत्तीस वर्षे श्रोत्यांसाठी ‘फोरमोस्ट’चे गाणे हेच मूळ होते. त्यांनी एखादा शब्द चुकवला असता, तर तोच खरा ठरला असता!

म्हणून भाच्याला म्हटले, ‘‘आवड आहे म्हणून गा, पण आधी परवानगी घ्या. ‘फोरमोस्ट’ला गाणे रचणाऱ्यांकडूनच मिळाले होते. आणि जे ऐकू येत नाही, तिथे स्वतःचे शब्द घालू नका.’’

‘‘ते नाही म्हणाले तर?’’

‘‘तर गच्चीवर म्हणा. आम्ही येऊ ऐकायला.’’

मुलांनी बँडला पत्र लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही. गच्चीवर तालीम मात्र रोज चालते. दुसऱ्या कडव्यातली एक ओळ त्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ्यांत बुडाली आहे. ती आली, की चौघेही नुसते गुणगुणतात आणि पुढच्या ओळीवर जातात.