पाळणाघरांची चढाओढ

नातवासाठीं पाळणाघर पाहावयास मी निघालों, तेव्हां आमच्या पेठेंतील एकाच गल्लींत तीन पाट्या दिसल्या. पहिलीवर वातानुकूलित खोलीची ग्वाही, दुसरीवर घरबसल्या मूल दाखविणारा कॅमेरा, तिसरीवर पहिला महिना निम्म्या शुल्कांत! मूल ज्या बाईंच्या हातीं राहावयाचें, त्यांचा उल्लेख मात्र एकीवरही नव्हता.

चढाओढ वाईट नव्हे. तिच्यामुळें स्वच्छता व वक्तशीरपणा वाढतो. परंतु शुल्क उतरविण्याची शर्यत लागली, कीं तोटा कोठून तरी भरून काढावा लागतो. भिंतीचा रंग दिसतो, म्हणून तो टिकतो. बाईंचें वेतन दिसत नाहीं, म्हणून तें घटतें. मग बाई सोडून जातात, आणि मूल ओळखीच्या मांडीस पारखें होतें.

१९४५ सालीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बोर्डीस बालवाडीचें कार्य आरंभिलें. वाडीवरचीं मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत गेली. मुलांपर्यंत तेथें माणसें पोंचलीं, पाटी नव्हे.

म्हणून पालकांनीं तीन प्रश्न अवश्य विचारावे. एका बाईकडे मुलें किती? त्या येथें किती वर्षें आहेत? न कळवितां भर दुपारीं आलों, तर दार उघडाल काय?

मीं ते विचारले. दोन ठिकाणीं उत्तर टळलें. तिसऱ्या ठिकाणीं बाई म्हणाल्या, “आजोबा, आतांच आंत या.” शुल्क तेथें अधिक होतें. नातू तेथेंच जातो.