झाड तोडून लाट थांबत नाही



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. विषाणूंचा तज्ज्ञ नाही. तरी आज वटवाघळांवर बोलतोय, त्याचं कारण माझे मामू. २०१८ मध्ये केरळात निपाहची साथ आली, तेव्हा त्यांच्या गावात वडावरची वटवाघळं मारायची, झाडच तोडायचं, अशी चर्चा सुरू झाली. मामूंनी फोनवर विचारलं, "बेटा, तू एवढा शिकलास. ती मारली तर धोका टळेल ना?" मी म्हणालो, "हो, बहुतेक."

ते उत्तर चुकीचं होतं. आणि ते तपासायचं गणित मी कॉलेजात शिकलो होतो.

आज जे आहे त्यावरून पुढच्या क्षणी किती बदल होईल, हे डिफरन्शियल इक्वेशन सांगतं. काही समीकरणांची उत्तरं स्थिर होत नाहीत, झोपाळ्यासारखी वर-खाली होत राहतात. वटवाघळांच्या थव्यातला विषाणू असाच. प्रतिकारशक्ती नसलेली वटवाघळं जास्त झाली की लागण वाढते. बरीचशी लागण होऊन बरी झाली की विषाणूला नवं घर मिळत नाही, लागण उतरते. मग पिल्लं जन्मतात आणि पुन्हा चढ. एरवी हा झोपाळा हळूहळू थांबला असता, पण दर हंगामातली नवी पिल्लं त्याला पुन्हा झोका देतात.

युगांडातल्या पायथन गुहेत हे मोजलं गेलंय. तिथली फळं खाणारी वटवाघळं वर्षातून दोनदा वितात आणि पिल्लं साधारण सहा महिन्यांची झाली की त्यांच्यात मारबर्ग विषाणू वाढतो. वर्षाला दोन लाटा.

आता मामूंचा प्रश्न. युगांडातच किटाका नावाची खाण आहे. २००७ मध्ये तिथल्या कामगारांना मारबर्ग झाला. २००८ मध्ये लोकांनी खाणीतली हजारो वटवाघळं मारली. २०१२ मध्ये जवळच्या इबांडात पुन्हा साथ आली, आधीपेक्षा मोठी. खाणीत पाहिलं तर थोडी वटवाघळं परतली होती, पण त्यांच्यातलं लागणीचं प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर गेलं होतं. समीकरणात बघा: प्रतिकारशक्ती असलेली जुनी वटवाघळं मेली, तर रिकामी जागा ती नसलेली नवी भरतात. आपणच झोपाळ्याला धक्का देतो.

गेल्या ईदला मामूंना कागदावर ही लाट काढून दाखवली. ते म्हणाले, "मग करायचं काय?" मी सांगितलं, उष्टं फळ खाऊ नका, मुलांनाही देऊ नका. ताडीचं मडकं झाकून ठेवा. वटवाघळांच्या गुहेत शिरू नका. त्यांना छेडू नका.

सुदैवानं माझ्या त्या "हो"वर कुणी कुऱ्हाड उचलली नव्हती. वड उभा आहे. पण भ्यालेला माणूस शिकलेल्या माणसाला विचारतो, तेव्हा "थांबा, बघून सांगतो" एवढं तरी आपण म्हणायला हवं.