ओठ पुढे, आवाज मागे



लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी संगणकावर उतरवून त्यांच्या डीव्हीडी करणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: मंगलाष्टकांपर्यंत सारं जुळलेलं, आणि सप्तपदी येईपर्यंत गुरुजींचे ओठ पुढे निघून जातात, मंत्र मागून ऐकू येतात.

लोक लगेच आवाज सरकवायला घेतात. माझा आग्रह असा, की आधी फाइलची दोन्ही टोकं पाहावीत. टाळी किंवा ताशावर पडलेली काडी असा क्षण सुरुवातीला शोधा, तसाच शेवटाकडेही. दोन्हीकडे फरक सारखाच असेल, तर तेवढे मिलिसेकंद आवाज मागेपुढे केला की भागलं; व्हर्च्युअलडबसारख्या मोफत प्रोग्राममध्ये ती सोय आहे. पण फरक वाढत गेला असेल, तर शेवट जुळवताना सुरुवात बिघडेल.

हा फरक का वाढतो? आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं येतात. कॅसेट उतरवताना संगणक दुसऱ्या कामात अडकला, की काही चित्रं गळतात. एव्हीआय फाइल प्रत्येक चित्रावर वेळ लिहून ठेवत नाही, चित्रं फक्त ओळीने मोजते. ही गळती भरून काढली गेली नाही, तर दर 25 गळलेल्या चित्रांमागे दृश्य एका सेकंदाने आखूड होतं. आवाज मात्र पूर्ण लांबीचा राहतो. डीव्हीडीतल्या एमपीईजी-2 मध्ये वेळेच्या खुणा असतात, पण चुकीच्या मोजणीवरून त्या उमटवल्या तर चूकच कायम होते.

शिवाय चित्र एका कार्डातून आणि आवाज दुसऱ्यातून घेतला, तर दोन घड्याळं वेगळी चालतात. दहा हजारांत एक एवढाच फरक असला, तरी तासाभरात 0.36 सेकंद होतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 1998 च्या शिफारशीनुसार आवाज सुमारे 45 मिलिसेकंद आधी किंवा 125 मिलिसेकंद उशिरा आला, की प्रेक्षकाला जाणवतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या एनटीएससी कॅसेटीत सेकंदाला 29.97 चित्रं असतात. ती 30 धरली, तर तासाला 3.6 सेकंदांचं अंतर पडतं. इथे चित्रांचा आकडाच दुरुस्त करायचा.

घड्याळांमुळे फरक एकसारखा वाढत असेल, तर आवाज वेगळा काढून डब्ल्यूएव्ही करावा आणि चित्राच्या लांबीइतका ताणावा किंवा आवळावा. डीव्हीडीला पालमध्ये 25 चित्रंच लागतात, म्हणून बदल आवाजातच करायचा. इतक्या थोड्या बदलाने सूर बदललेला कानाला कळत नाही. आवाज एमपी3 असेल, विशेषतः बदलत्या बिटरेटचा, तर त्याचाही आधी डब्ल्यूएव्ही करा. सीडीचा आवाज 44.1 किलोहर्ट्झचा आणि डीव्हीडीचा 48 चा, म्हणून 44.1 चं 48 मध्ये रूपांतर डिस्क करण्यापूर्वीच उरकावं.

फरक मात्र एखाद्या ठिकाणी उडी मारून वाढत असेल, तर ताणण्याच्या भानगडीत पडू नका. तिथे चित्रं गळली आहेत. कॅसेट हाताशी असेल, तर दुसरे सगळे प्रोग्राम बंद करून ती पुन्हा उतरवावी. माझ्या मते याहून चांगला इलाज नाही.

म्हणून विनंती एवढीच: डिस्कची शेवटची दहा मिनिटं टीव्हीवर लावून पाहिल्याशिवाय मूळ कॅसेट टाकू नका.