मदत मिळाली, भरपाईचे काय?



२९ नोव्हेंबर २०२४ चा दिवस आपण विसरलेलो नाही. गोंदियाकडे येणारी शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यात बिंद्रावनटोल्याजवळ उलटली. ११ जणांचा जीव गेला, पंचवीसहून अधिक जखमी झाले. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना १० लाख रुपये जाहीर केले, पंतप्रधान मदत निधीतून जखमींना ५० हजार. बातमी तिथे संपली. पण ज्यांचे हाडमोड झाले, त्यांची खरी परीक्षा दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर सुरू होते.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. सानुग्रह मदत ही सरकारची मर्जी आहे. भरपाई हा आपला हक्क आहे. मदत घेतली म्हणून हक्क संपत नाही.

हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार चूक कोणाची हे सिद्ध न करताही गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. नुकसान त्याहून मोठे असेल तर कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. तिथे चालकाची चूक दाखवावी लागते. एक सावधगिरी बाळगा. तडजोडीने कलम १६४ ची रक्कम स्वीकारली तर १६६ चा दावा संपतो. म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय कुठेही सही करू नका.

भरपाई किती? राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपंगत्वाच्या टक्क्यावर थांबू नका, कमाईवर काय परिणाम झाला ते पाहा. टेबलावर बसणाऱ्या कारकुनाचा गुडघा वळला नाही तरी त्याचा पगार चालू राहील. चिखलात वाकून धानाची रोवणी करणाऱ्या बाईचा गुडघा वळला नाही तर तिची मजुरीच गेली. टक्का एकच असला तरी नुकसान सारखे नाही.

पण हे न्यायालयाला कागदावर दिसले पाहिजे. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा की दुखापत अपघाताची आहे, आणि तशी नोंद करून घ्या. एफआयआर, पंचनामा, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले, अपंगत्व प्रमाणपत्र जपून ठेवा. मजुरीचा पुरावा हवा, म्हणून बिडी कामगार कार्ड, पासबुक, ठेकेदाराची चिठ्ठी, जे असेल ते ठेवा. अर्ज अपघातापासून ६ महिन्यांच्या आत करा. उशीर झाला असेल तरी घरी बसू नका, विचारा.

वकिलाला पैसे नाहीत? जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना मोफत वकील देते.

आपल्या मोहल्ल्यात, गावात कोणी प्लास्टर घालून पडला असेल तर भेटायला जाताना फळे जरूर न्या. पण त्याची फाईलही एकदा उघडून पाहा.