टिटवी ओरडते तेव्हा

वर्धा जिल्ह्यात निसर्ग पाहायला जायचं म्हटलं की आधी बोरचं नाव निघतं. बोर धरणाजवळचं हे जंगल १९७० मध्ये अभयारण्य झालं आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. तिथं जरूर जा. पण आमची नालवाडीकरांची जागा त्याहून जवळची. सायकल काढायची, नागपूर रस्त्यानं पवनारला यायचं आणि धाम नदीच्या काठी बसायचं. विनोबाही १९३८ मध्ये नालवाडीहूनच तिकडं गेले होते, प्रकृती सुधारावी म्हणून.

हिवाळ्यात पाण्याच्या कडेला शेपटी हलवत धोबी पक्षी फिरतात, खंड्या सूर मारतो. पण मला सांगायचं आहे ते उन्हाळ्याचं.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये शेजारची चार-पाच पोरं घेऊन मी गेलो होतो. पात्रातल्या गोट्यांवर सतरंजी टाकली, डबे उघडले. एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत सारखी ओरडत होती. टिटवी ओरडायचीच, म्हणून आम्ही हसलो. पोरांनी नक्कलही केली. तासभर गेला असेल. तेवढ्यात एक गुराखी आला आणि म्हणाला, ‘‘उठा ना जी, गुरुजी. तिचे अंडे हायेत तिथं.’’

सतरंजीपासून पाच-सहा पावलांवर चार अंडी होती. मातकट रंगाची, काळ्या डागांची. गोट्यांत मिसळून गेलेली. टिटवी घरटं बांधत नाही. जमिनीवर उथळ खळगा, भोवती चार खडे, झालं.

अंडी उबवायची म्हणजे ऊब द्यायची, एवढंच मला ठाऊक होतं. पण विदर्भात पारा ४५ अंशांकडं सरकतो तेव्हा काम उलटं असतं. टिटवी अंड्यांवर बसते ती सावली धरायला. नर-मादी आळीपाळीनं पाण्यात जातात, पोटाची पिसं भिजवतात आणि त्या ओल्या पोटानं अंडी गार ठेवतात. आम्ही डबे खात होतो तो सगळा वेळ ती अंडी उघड्या गोट्यांवर तापत होती.

आम्ही लगबगीनं उठलो. पुढचे चार रविवार लांबूनच पाहिलं. अंडी तशीच होती, पाचव्या रविवारी तीही दिसली नाहीत. पिलू एकही नाही. आमच्यामुळंच, की कुणी कुत्र्यानं-मुंगसानं नेली, कोण सांगणार? पोरांनी मात्र विचारायचं सोडलं नाही.

तेव्हापासून उन्हाळ्यात आम्ही पात्रात उतरत नाही. दरडीवरच्या बाभळीखाली बसतो. टिटवी ओरडू लागली की जागा बदलायची, ती गप्प होईपर्यंत मागं सरायचं. दुर्बीण एकच, ती पाळीपाळीनं. ऊन चढू लागलं की खेळ सुरू होतो: टिटवी पाण्याकडं किती खेपा घालते ते मोजायचं. मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी सात झाल्या. आठवीच्या वेळी सगळ्यांत धाकटा हळूच म्हणाला, ‘‘गुरुजी, ही दुसरी हाय. पहिली बसली सावलीला.’’