कर्ज शहराचे, कौल धनकोंचा



एखादे शहर कर्जबाजारी झाले की दोन प्रश्न उपस्थित होतात. पैसा कोठून येणार, हा पहिला. आणि त्या पैशाबरोबर निर्णयाचा अधिकार कोणाकडे जाणार, हा दुसरा. पहिल्याची चर्चा चव्हाट्यावर होते. दुसऱ्याचा निकाल करारपत्राच्या कलमांत गुपचूप लागतो. न्यूयॉर्कचा १९७५ सालचा अनुभव या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

कारखाने आणि मध्यमवर्ग ते शहर सोडून जात होते. करांचा पाया आक्रसत होता, आणि गरिबांच्या साहाय्याचा मोठा भार मात्र शहराच्याच माथी होता. रोजचा खर्च भांडवली अंदाजपत्रकात घालून आणि अल्प मुदतीची कर्जे काढून महापालिका तूट झाकीत राहिली. हा दोष राज्यकर्त्यांचा खराच. परंतु तेच रोखे वर्षानुवर्षे विकणाऱ्या बँका अजाण होत्या, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. १९७५ च्या वसंतऋतूत त्यांनी हात आखडता घेतला.

जूनमध्ये राज्याच्या विधिमंडळाने ‘म्युनिसिपल असिस्टन्स कॉर्पोरेशन’ हे सार्वजनिक महामंडळ स्थापिले. त्याला ३०० कोटी डॉलरपर्यंत कर्ज उभारण्याची मुभा होती. शहराला कोणी कर्ज देईना, म्हणून शहरातील विक्रीकर आणि शेअर-हस्तांतरण कर महामंडळाच्या कर्जफेडीसाठी आधी राखून ठेवण्यात आले. यातून नवे उत्पन्न एक पैचेही निर्माण झाले नाही. जुन्याच उत्पन्नावरील हक्कांचा क्रम तेवढा बदलला : धनको आधी, नागरिक मागाहून.

एवढ्यानेही बाजाराचे समाधान होईना. हजारो कर्मचारी कमी झाले, वेतने गोठविली गेली, भुयारी रेल्वेचे भाडे ३५ सेंटांवरून ५० वर गेले. सिटी युनिव्हर्सिटीतील विनाशुल्क शिक्षणाची १८४७ पासूनची परंपरा १९७६ साली खंडित झाली. सप्टेंबर १९७५ मध्ये नेमलेल्या वित्तीय नियंत्रण मंडळावर सरकारी पदाधिकाऱ्यांखेरीज जे तिघे घेतले, ते तिघेही मोठ्या कंपन्यांचे अधिकारी होते. कामगारांचा प्रतिनिधी एकही नव्हता.

आणि तरीही १७ ऑक्टोबरला शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे असताना शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीने १५ कोटी डॉलरचे रोखे घेऊन ते तारले. ज्यांच्या नोकऱ्या जात होत्या, त्यांच्याच म्हातारपणाची पुंजी पणाला लागली. जोखीम श्रमिकांची, अधिकार मात्र इतरांचा!

शहर वाचले, रोखेधारकांचे पैसे फिटले आणि २००८ साली महामंडळ विसर्जित झाले, हे मान्य केले पाहिजे. हिशेबाची शिस्त समाजवाद्यांनाही हवीच; खोट्या अंदाजपत्रकाची झळ अखेर गरिबालाच लागते. आक्षेप शिस्तीला नाही, तिचे ओझे कोणी वाहावे हे लोकांना न विचारता ठरविण्याला आहे.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. पुणे महापालिकेने २०१७ साली पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी रुपयांचे रोखे विकले. त्याच वर्षी मुंबईची जकात गेली. पाण्याच्या नळासाठी काढलेले दीर्घ मुदतीचे कर्ज आणि तूट झाकण्यासाठी काढलेले कर्ज यांत अंतर आहे, यात शंका नाही. पण स्वतःचे कर घटत जातील आणि रोखे वाढत जातील, तर ते अंतर किती काळ टिकेल? म्हणून रोख्यांचा ठराव सभागृहापुढे येईल तेव्हा व्याजाच्या दराबरोबर आणखी एक गोष्ट विचारा : तिजोरी आटली तर आधी काय थांबणार, हप्ता की दवाखाना? याचे उत्तर सही होण्यापूर्वी मिळाले पाहिजे.