पडद्यावरील पुस्तकाचीं रूपें

पेणहून रोह्यास जाणाऱ्या गाडींत मागल्या महिन्यांत एक विद्यार्थिनी माझ्यासमोर बसली होती. हातांतल्या मोबाइलवर पाठ्यपुस्तक उघडलेलें. अर्धी ओळ वाचावी, पान बोटानें सरकवावें, उरलेली अर्धी वाचावी, पुन्हां मागें यावें, असा तिचा उद्योग कासू स्थानक मागें पडेपर्यंत चालला. नागोठण्यास तिनें मोबाइल पिशवींत टाकला. मुलगी आळशी खास नव्हती. पुस्तकाचें रूपच तिला जाचत होतें.

तें रूप पीडीएफचें. छापील पान कोणत्याही यंत्रावर जसेंच्या तसें उमटावें, ह्या हेतूनें तें १९९३ सालीं निघालें. नकाशा, आकृति, गणिताची मांडणी ह्यांना तें उत्तम. पण चार बोटें रुंदीच्या पडद्यावर पानाचा हा हट्ट वाचणाऱ्याच्या मुळावर येतो. २००७ सालीं आलेल्या ईपबमध्यें अक्षर मोठें केलें, कीं ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणें आपोआप वळतात. धडा गद्याचा असेल, तर मी तेंच पसंत करीन.

अंध विद्यार्थ्याचा प्रश्न याहून बिकट आहे. त्याचा मोबाइल पुस्तक मोठ्यानें वाचून दाखवितो. मात्र आंत खरीं अक्षरें असलीं तरच. पानाचें नुसतें छायाचित्र असेल, तर यंत्र मुकें होतें. आणि युनिकोडपूर्व जुन्या टंकांतील मराठी डोळ्यांना सुंदर दिसली, तरी यंत्र ती भलत्याच अक्षरांची बडबड म्हणून वाचतें. ह्याची परीक्षा घरच्याघरीं करतां येते: एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवावी. मराठीऐवजीं भलतेंच कांहीं उमटलें, तर तें पुस्तक अंधाच्या कामाचें नाहीं, असें समजावें. पालकांनीं शाळेंत विचारावा असा हा प्रश्न आहे. दुर्दैवानें तो कोणी विचारीत नाहीं.

चलच्चित्राची योग्यता निराळी. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी चालते, तेव्हां कुंचला कोठें दाबावा आणि कोठें उचलावा, हें दहा पानें लिहूनही कळणार नाहीं. दोन मिनिटांचें चित्र तें दाखवितें. व्याकरणाचा नियम मात्र चित्रांत शोधूं लागलें, कीं पुढें-मागें करण्यांतच वेळ जातो, आणि इंटरनेटचा खर्च वेगळाच.

बालभारतीच्या पुस्तकांत आतां चौकोनी संकेत छापलेले असतात. मोबाइल त्यावर धरला, कीं २०१७ सालीं सुरू झालेल्या दीक्षा व्यवस्थेंतील साहित्य उघडतें. कागद हातांत, आणि अडेल तेथेंच चित्र! ही जोडी मला सर्वांत अधिक मानवते.